आमची गरिबी आणि चाचीचा सोफा

गरीब असणं काही अवघड नाही, ते आम्हाला जन्मापासून येतं. अवघड आहे ते चारचौघांना पटेल असं गरीब दिसणं. त्याचा क्लास जालन्यात कुठंच चालत नाही, नाहीतर मी आधी तिथंच नाव घातलं असतं.

मी आज एका दवाखान्यात नर्स आहे. पेशंटचे नातेवाईक बसल्या बसल्या चौकशा करतात. गाव कोणतं, घरी कोण कोण, शिक्षण कसं झालं. शिष्यवृत्तीवर झालं म्हटलं की लगेच मान डोलावतात, "मजा हाये बरं तुमची, तुम्हाला सगळं फुकट भेटतं." अशा वेळी माझ्या हातात बहुतेक सलाईनची सुई असते. सुई हातात असताना डोकं थंड ठेवायचं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय, म्हणून ते लोक आजवर सुखरूप घरी गेले. तर हे फुकट कसं भेटतं, ते एकदाचं सांगून टाकते.

आम्ही एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत राहायचो, आजही राहतो. पप्पा मूळचे तीर्थपुरीकडचे. लग्न झाल्यावर इथं लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला आले आणि इथलेच झाले. गल्लीत अर्धी घरं आमची बौद्धांची, अर्धी मुसलमानांची, आणि भिंती इतक्या पातळ की एका घरात कुकरची शिट्टी झाली की दुसऱ्या घरातली बाई गॅस बंद करायला उठते. भिंतीला भिंत लागून चाचीचं घर. चाचा फर्निचरचं काम करतात. एका गिऱ्हाइकानं त्यांच्याकडून मोठ्या हौसेनं तीन माणसांचा सोफा करून घेतला, मरून रंगाचा, हातांना नक्षी, आणि ऐन वेळी गिऱ्हाईकच उलटलं, न्यायला आलंच नाही. तेव्हापासून सोफा चाचीच्या घरात पडून. त्याच्यावरचं प्लास्टिक तिनं कधी काढलं नाही आणि घरातलं कुणी त्याच्यावर बसलंही नाही. तो सोफा गल्लीचा होता.

गल्लीचा म्हणजे कसं, आमच्याकडं पाहुणा एका घरी आला तरी तो सगळ्या गल्लीचा पाहुणा. कुणाच्या पोरीला बघायला मंडळी येणार म्हटलं की कुणी काही न सांगता सामान हलायला लागतं. चाचीचा सोफा, कोपऱ्यावरच्या काकांचा कूलर, कुणाचे सोनेरी काठाचे कप, कुणाची घडी न मोडलेली चादर. पाहुणे गेले की ज्याचं त्याच्या घरी परत. एकच कूलर बघून आमच्या गल्लीतल्या किती पोरींची लग्नं जमली असतील, कुणास ठाऊक. सासरी गेलेल्या पोरी अजून माहेरी आल्या की त्याच्याकडं प्रेमानं बघतात.

माझा नंबर बी.एस्सी. नर्सिंगला लागला तेव्हा याच गल्लीनं पेढे वाटले. आमच्या घराण्याचा दवाखान्याशी तोवरचा संबंध म्हणजे आजारी पडणं एवढाच. आता घरातलं कुणीतरी पांढरा युनिफॉर्म घालून आत जाणार होतं. माझे पाय जमिनीवर नव्हते. ते जमिनीवर आणायचं काम कॉलेजच्या ऑफिसनं केलं. फी सरकार भरणार हे खरं, पण सरकारी शिष्यवृत्ती म्हणजे वरातीमागून घोडं. "ती येईल तवा येईल," ऑफिसातले सर म्हणाले, "आमचं लाईटबिल दर महिन्याला येतं." आत्ता भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. परीक्षेच्या आधी नाही भरली तर हॉल तिकीट नाही.

हॉल तिकीट नाही म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं म्हणजे पुढं काय, ते परतूरच्या मावशीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. तिच्याकडं माझ्यासाठी एक स्थळ होतं, तिथल्याच कापसाच्या जिनिंगवर कामाला असलेला, एकदम निर्व्यसनी. "पोरगी घरात बसवून ठू नका, वय काय तिच्यासाठी थांबून राह्यलं का?" असं ती फोनवर इतक्या जोरात बोलायची की चाचीलाही ऐकू जायचं. पप्पा तसे कुणाचं ऐकत नाहीत. पण एक दिवस तेही म्हणाले, "बाई, यंदा परीक्षा दिली तर पुढचं मी बघतो. हुकली, तर मंग मावशीचं ऐकायचं." पप्पा वाईट माणूस नाहीत. तापल्या लोखंडापुढं दिवसभर उभं राहून माणसाला जेवढं पुढचं दिसतं, तेवढंच त्यांना दिसत होतं. मला मात्र त्या निर्व्यसनी माणसाचा इतका राग यायचा, की मेल्यानं निदान तंबाखू तरी खावी असं वाटायचं.

शोधाशोध सुरू झाली. एका कार्यालयात गेले, तर खिडकीतले साहेब म्हणाले, तुम्ही बौद्ध म्हणजे अल्पसंख्याक, पलीकडच्या खिडकीवर जा. पलीकडच्या बाई म्हणाल्या, दाखला तर अनुसूचित जातीचा दिसतोय, अलीकडच्या खिडकीवर जा. अलीकडं येईस्तोवर साहेब जेवायला गेल्ते. एका खिडकीवर आम्ही वंचित, दुसऱ्या खिडकीवर अल्पसंख्याक, आणि द्यायची वेळ आली की दोन्हीकडं उपरे. रांगेत माझ्यापुढं बुरख्यातली एक मुलगी होती, फार्मसीला असलेली. तिचा अर्ज भरायला घेतला की पोर्टल नुसतं गोल गोल फिरून राह्यलंय, असं ती सांगत होती. "मंग तू काय करती?" मी विचारलं. "मैं भी फिरती," ती म्हणाली. आम्ही दोघी इतक्या हसलो की शिपाई ओरडला. हसायला दाखला लागत नाही, तेवढं एक बरं आहे.

मग एक मार्गदर्शन शिबिर झालं. आरोग्य शिक्षण घेणाऱ्या वंचित व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी आर्थिक साहाय्याच्या संधी, असा बॅनर होता. बॅनर एवढा लांब की शेवटचा शब्द भिंत संपली म्हणून खिडकीवर गेल्ता. पुण्याहून आलेले वक्ते पडद्यावर संधी दाखवत होते. लंडनमध्ये संधी, जर्मनीत संधी, ऑस्ट्रेलियात तर संधीच संधी. जालन्यात तेवढ्यात लाईट गेली. अंधारात वक्ते म्हणाले, "संधी पुष्कळ आहेत, आपले विद्यार्थीच पुढे येत नाहीत." मी पहिल्या रांगेत बसले होते. आणखी पुढं आले असते तर त्यांच्या मांडीवर बसावं लागलं असतं. जाताना प्रत्येकीला एक गुलाब आणि एक फाईल दिली. फाईल उघडून बघितली, आत काहीच नव्हतं.

पण त्या शिबिरात चहा वाटणाऱ्या काकूंनी एक कामाची गोष्ट सांगितली. बियाणांच्या धंद्यातल्या एका शेठजींचा ट्रस्ट होता. नर्सिंग, फार्मसी, आयुर्वेद, युनानी, असल्या शिक्षणाला आमच्यासारख्यांना ते मदत करायचे आणि परीक्षेच्या आत करायचे. अट एकच. समिती घरी येऊन बघणार की खरंच गरज आहे का. त्याला ते गृहभेट म्हणत. मी अर्ज टाकला आणि थोड्याच दिवसांत फोन आला, रविवारी सकाळी घर बघायला येतो.

मी त्या शनिवारी कॉलेजच्या हॉस्टेलवर मैत्रिणीकडं अभ्यासाला थांबले, ही माझी चूक म्हणा. आईला सांगून गेले होते की लोक आपली परिस्थिती बघायला येणार आहेत. आई हो म्हणाली. रविवारी सकाळी घरी आले तर मला वाटलं चुकून दुसऱ्याच्या घरात शिरले. दार बिजागऱ्यांतून काढून बाजूला उभं केलेलं, कारण सोफा दारातून आत जात नाही, आणि चाचा हातात पेचकस घेऊन घाम पुसत होते. आत मरून सोफा. समोर कूलर, भरभरून वारा. कोपऱ्यात कुणाचा तरी छोटा फ्रीज, त्यात पाण्याच्या बाटल्या. टीपॉयवर प्लास्टिकची फुलं. माझी आई लग्नातली साडी नेसून पोह्यांवर काजू लावत होती.

"आई, अगं हे काय करून ठेवलंस?"

"कामून? पाहुणे येऊन राह्यले ना?"

"ते पाहुणे न्हाईत! आपण गरीब हाय का ते बघायला येणारेत!"

"म्हणूनच तर." आईनं काजू नीट मधोमध बसवला. "ज्याच्या घरात काहीच न्हाई त्याला किराणावाला तरी उधार देतो का? मोठी मान्सं हायेत. आपल्यावर भरवसा बसला पाहिजे त्यांचा. घर रिकामं दिसलं तर म्हणतील, हे काय पोरीला शिकवणार."

चाची दारातून म्हणाली, "तू कायकू टेन्शन लेरी बेटा? अल्ला ने चाहा तो पसंद करके ही जाएंगे."

मी काही बोलायच्या आत गाडी गल्लीत वळली. समितीत तिघं होते. एक स्वतः शेठजी, ट्रस्टचे अध्यक्ष. एक निवृत्त प्राध्यापक, गुडघ्यांनी हैराण, त्यांना सगळे सर म्हणत. आणि एक ताई, हातात टॅब घेतलेली, जिचं काम फोटो काढून हो किंवा नाही दाबायचं होतं. तिघं सोफ्यावर बसले, प्लास्टिक करकर वाजलं. आईनं ट्रेमध्ये थंडगार पाणी आणलं. आमच्याकडं स्टीलच्या भांड्यांवर घरधन्याचं नाव कोरून घेतात, त्यामुळं ट्रेमधल्या ग्लासांवर प्रत्येकी वेगळं नाव होतं. तिघंही शिकलेली माणसं, पण वाचलं कुणीच नाही. सरांनी पोहे दोनदा घेतले. शेठजींनी कूलरची कंपनी विचारली, कारण त्यांचा बिघडला होता. ताईनं सोफ्याचा फोटो काढला, कूलरचा काढला, फ्रीजचा उघडून काढला. पप्पा कौतुकानं बघत होते. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मला माझं परतूरचं सासर स्पष्ट दिसत होतं.

निकाल मोबाईलवर आला. अर्जदाराच्या कुटुंबाची आर्थिक स्थिती समाधानकारक असल्याने अर्ज अमान्य. आमच्या सात पिढ्यांत कुणी आम्हाला समाधानकारक म्हटलं नव्हतं. पप्पांनी तो मेसेज पुन्हा वाचायला लावला.

मी आईवर इतकी ओरडले की भिंतीपलीकडं चाचीनं टीव्ही बंद केला. म्हटलं, तुझ्या काजूनं माझं वर्ष खाल्लं. म्हटलं, दुसऱ्याच्या सोफ्यावर बसून कुणी श्रीमंत होत नाही, शिक्षणातून मात्र उठतं. आई तांदूळ निवडत बसली. तेवढ्यात मावशीचा फोन आला, आणि तो मीच उचलला, आणि तिला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तशीच ट्रस्टच्या ऑफिसात गेले. तिथं सर एकटेच होते. मी सगळं सांगितलं, सोफा कुणाचा, कूलर कुणाचा, फ्रीज कुणाचा. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडले. सर म्हणाले, "अपील कर. आम्ही पुन्हा येतो. पण बाई, या वेळी घर जसं आहे तसं ठेवा."

जसं आहे तसं ठेवा! हे वाक्य मी गल्लीत सांगितलं तेच चुकलं. आमच्या गल्लीला काहीही जसंच्या तसं ठेवायची सवय नाही. पहिल्या वेळी माझं नुकसान झालं म्हणून सगळ्यांना अपराधी वाटत होतं, आणि अपराधी वाटलेली गल्ली लई जोरात कामाला लागते. उसनं आणलेलं तर कधीच परत गेलं होतं. आता आमचं स्वतःचंही बाहेर जायला लागलं. "पंखा काढा," कोपऱ्यावरचे काका म्हणाले, "पंख्यानं एकदम सुखी दिसतं." पंखा गेला. टीव्ही गेला. मिक्सर गेला, तो मुळात चालत नव्हता तरी गेला. कॅलेंडर राहू द्या, ते फुकटचं असतं, असं ठरलं. कुणीतरी म्हणालं भिंतीला जरा काजळी फासा. चाची म्हणाली, गादी भी दे दो, हमारे इधर रखती. गरीब दिसण्याचे एवढे जाणकार आपल्या शेजारी राहतात हे मला माहीत नव्हतं. पप्पांनी तर अंगातला बरा शर्ट काढून मिलमधला जळका शर्ट घातला. आई एवढंच बोलली की भिंतीवरच्या फोटोंना कुणी हात लावायचा नाही.

समिती यायची त्या सकाळी घरात एक चटई, एक माठ, एक स्टीलचा ग्लास आणि आम्ही तिघं. आई चटईच्या कडेला बसून घराकडं बघत होती. "हे माझं घर वाटून न्हाई राह्यलं," ती म्हणाली. पण मी मनावर दगड ठेवला आणि तिला बजावलं, "आई, आज काही झालं तरी कुणाकडून काही मागायचं न्हाई. चहा न्हाई, पोहे न्हाई. पाणी मागितलं तर माठातलं. माझ्या गळ्याची शपथ हाये तुला." आईनं मान हलवली.

तिघं आले. आत येऊन उभे राहिले. उभेच राहिले, कारण बसायला चटई होती. शेठजी मांडी घालून बसले, चांगली गोष्ट. ताई बसली. सर मात्र चटईकडं नदीचं पाणी किती खोल आहे ते बघावं तसं बघत होते. "मी खाली बसतो," ते म्हणाले, "पण उठवायला चौघं लागतील." आणि भिंतीला पाठ टेकून, एक हात गुडघ्यावर ठेवून, म्हातारा माणूस हळूहळू खाली सरकायला लागला.

मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही. डोळे वटारले, नाही. सर अर्ध्यावर आले आणि "आई गं" म्हणून थांबले. वरही जाता येईना, खालीही. माझ्या आईचा चेहरा असा झाला, जशी कळ तिच्याच गुडघ्यातून गेली.

ती जागची उठलीसुद्धा नाही. भिंतीकडं तोंड करून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भाभी, एखादी खुर्ची असंल तर द्या बरं."

भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, म्हणजे चाची कान लावूनच बसली होती. "खुर्ची कायकू? रुको!"

मी कपाळावर हात मारला. बाहेर पळापळ ऐकू आली, आणि पुढच्या क्षणी दारात मरून रंगाचा सोफा दिसला. या वेळी दार काढायला वेळ कुणाला होता? चाचा आणि पलीकडची दोन माणसं, सगळ्यांनी मिळून असा जोर लावला की सोफा अर्धा आत आला आणि चौकटीत गच्च बसला. मागं जाईना, पुढं येईना. घराला दार एकच. समिती आत, गल्ली बाहेर, मधे सोफा.

"बैठो सरजी, बैठो!" चाची बाहेरच्या बाजूनं ओरडली. पप्पांनी सरांना बगलेत धरून सोफ्याच्या आतल्या अर्ध्यावर बसवलं. प्लास्टिक करकरलं. सरांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग काय, एकदा सोफा घराबाहेर पडला म्हणजे पाहुणे आले हे गल्लीला कळलं, आणि हात आपोआप चालायला लागले. खिडकीतून पंखा आत आला. खिडकीतून कप आले, सोनेरी काठाचे. आमचा मिक्सर आला, त्याची काय गरज होती देव जाणे. कोपऱ्यावरच्या काकांचं डोकं खिडकीत दिसलं, "कूलर कुठून घालू?"

"परत न्या!" पप्पा ओरडले.

"असं कसं? पाहुण्याला उकडंल की."

ताई टॅबवर बोट फिरवत होती. तिनं मागच्या वेळचा फोटो उघडला, सोफ्याशेजारी धरला आणि म्हणाली, "सर, तोच सोफा."

शेठजी उठून उभे राहिले. "हा सोफा कोणाचा आहे?" त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं.

"हमारा," सोफ्याच्या बाहेरच्या हातावर कोपर टेकून चाची म्हणाली. "सोफा हमारा, मेहमान इनके. इसमें पूछने का क्या है?"

"म्हणजे मागच्या वेळी तुम्ही आमची फसवणूक केली," शेठजी आईला म्हणाले.

माझ्या आईला राग येताना मी फार कमी वेळा बघितलंय. त्या दिवशी बघितला. ती उभी राहिली, पदर खोचला. "फसवणूक कशी, साहेब? तुम्ही आले, बसले, खाल्लं. त्यातलं खोटं काय व्हतं? सोफा उसना व्हता, पर बसा म्हणलं ते काय उसनं न्हव्हतं. आज पोरीनं शपथ घातली म्हणून मी तुम्हाला भुईवर बसवलं. ती झाली फसवणूक. असं मी माझ्या जन्मात कधी कुणाला बसवलं न्हाई."

पहिल्यांदा सरांनी हसायला सुरुवात केली, आणि ते हसले की प्लास्टिकही करकर वाजायचं, त्यामुळं ते आणखी हसायचे. "शेठ, लिहा," ते म्हणाले. "यांच्या घरात एकही वस्तू नाही."

"मग हे सगळं?"

"हे गल्लीचं. गल्लीला आपण कुठं शिष्यवृत्ती देतोय?"

शेठजींना ते पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, नियमानं घरात जे दिसतं ते नोंदवायचं. ताईनं विचारलं, "सर, फर्निचर हो दाबू की नाही? अर्धं आत आहे." यावर गंभीर चर्चा झाली. पण बाहेर पडायला वाट नव्हती, चाचा पेचकस आणायला दुकानावर गेल्ते, आणि तोवर खिडकीतून चहा आला, मागोमाग गरम भजी आली. आमच्या गल्लीची भजी खाऊन नाही म्हणणं सोपं नाही, त्यात दार बंद. चाचा येऊन चौकट खोलेपर्यंत शेठजी फर्निचरला नाही म्हणाले होते आणि अर्जाला हो.

ते गेल्यावर आई माझ्याकडं न बघता कप गोळा करत होती. शपथ मोडली म्हणून घाबरली होती बिचारी. मी तिला मागून मिठी मारली आणि दोघी मिळून रडलो. चाची म्हणाली, अब काहे का रोना, और सोफा पकडो जरा.

चेक घरी मिळणार नव्हता. तो समारंभात मिळणार होता, तोही परीक्षेच्या तोंडावर. कॉलेजच्या ऑफिसात मी रोज हात जोडून मुदत मागत होते. ट्रस्टकडून निरोप आला की पालकांनी साध्या वेशात यावं, फोटो चांगला येतो. आई मुद्दाम लग्नातली साडी नेसली. चाचीही आली, म्हणाली, मेरा सोफा नहीं आ सकता तो मैं आती.

हॉल मोठा होता, वर झुंबरं. स्टेजवर सोफे, मऊ, प्लास्टिक नसलेले. त्यावर शेठजी, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. समोर खुर्च्या, प्रत्येकीवर निमंत्रित असा कागद चिकटवलेला. मधल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही एका खुर्चीजवळ गेलो तर बिल्ला लावलेल्या एका गृहस्थांनी अडवलं. "लाभार्थी ना? लाभार्थी आणि पालक खाली." स्टेजच्या पायाशी सतरंजी अंथरली होती. तिथं आमच्यासारखी पोरं आणि त्यांचे आईबाप बसले होते. रांगेतली ती फार्मसीची मुलगीही तिच्या अम्मीसोबत तिथंच होती. एक आजोबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचेही गुडघे गेले असावेत, कारण ते शेवटपर्यंत खाली बसले नाहीत.

माझं डोकं फिरलं. मी उठून त्या बिल्लेवाल्याकडं जाणार होते. पण चेक अजून टेबलावर होता आणि परीक्षा चार पावलांवर, म्हणून बसले. वर भाषण सुरू झालं, विषय होता समाजाचं आपण काही देणं लागतो. चाची पाय चोळत होती. आई मात्र आजूबाजूला बघत होती, स्टेजकडं, रिकाम्या खुर्च्यांकडं, मग त्या उभ्या आजोबांकडं. ती माझ्या कानाशी वाकली. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही. तिला मनापासून वाईट वाटत होतं.

"एवढी मोठी मान्सं," ती हळूच म्हणाली, "पर यांना शेजारी न्हाईत वाटतं गं माय."